न खेळलेल्या सामन्यांचा हिशेब

(वेंगुर्ल्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

भारताच्या फुटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी १९५० ची गोष्ट काढतोच. आपण ब्राझीलच्या विश्वचषकाला पात्र ठरलो होतो, पण आपली पोरं अनवाणी खेळायची, फिफानं बुटांची सक्ती केली, आणि आपण बाणेदारपणे माघार घेतली. गोष्ट फक्कड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दर चार वर्षांनी तिला नवी पालवी फुटते. पण ती खरी नाही. असलीच तर रुपयातले चार आणे.

आधी ‘पात्र ठरलो’ म्हणजे काय झालं ते बघा. ज्यांच्याशी खेळायचं होतं ते ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स तिघेही बाजूला झाले. एकदाही चेंडूला पाय न लावता आपण ब्राझीलच्या दारात. गट मिळाला इटली, स्वीडन आणि पराग्वेचा. यजमानांनी प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली, तरी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं संघ पाठवला नाही. सरावाला वेळ नाही, संघनिवडीवर एकमत नाही, अशी कारणं पुढे केली. त्या काळी आपल्या पदाधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिम्पिक म्हणजे सर्वस्व होतं. विश्वचषक ही कुठली तरी लांबची स्पर्धा, त्यासाठी एवढा समुद्र कोण ओलांडणार?

आणि बुटांचं म्हणाल, तर दोनच वर्षांपूर्वी, ३१ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकमध्ये आपण फ्रान्सशी खेळलो होतो. कप्तान होते नागा टेकड्यांतले तालिमेरेन आओ, पुढे डॉक्टर झाले. बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या. कोणी हटकलं नाही. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, रामन यांनी बरोबरी साधली आणि अगदी शेवटी फ्रान्सनं दुसरा गोल मारला. २-१. बुटांचा खरा धडा मिळाला तो १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत. युगोस्लाव्हियानं १०-१ नं धुतलं, आणि मग आपल्याकडं बूट आले. म्हणजे ब्राझीलच्या नंतर.

तरी आपण ब्राझीलचे उसासे टाकतोच. मेल्या म्हशीला मणभर दूध!

माझं आजचं म्हणणं एवढंच की भारतीय संघाचा इतिहास हरलेल्या सामन्यांवरून कळत नाही, न खेळलेल्या सामन्यांवरून कळतो. आणि हा हिशेब जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

जमेची बाजू आधी घेऊ, कारण तिच्याविषयी आपण फारसं बोलत नाही. १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. भारत चौथा. आशियातला कुठलाही संघ तोवर ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत पोचला नव्हता. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण स्पर्धेत संघ होते अकरा. हंगेरी आली नाही म्हणून आपल्याला पुढे चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून ४-१ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० असे हरलो. चौथा क्रमांक, विजय एक. १९६४ च्या आशिया चषकातलं उपविजेतेपदही असंच. स्पर्धा इस्रायलमध्ये, तिथं खेळायला कित्येक देश तयार नव्हते, त्यामुळे आपण पात्रता सामना न खेळताच चार संघांत जाऊन बसलो. तिथं मात्र दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असं मैदानावर हरवलं, हेही सांगायला हवं. मी कोणाचं यश खुडायला उभा नाही. सुवर्णकाळ म्हणून जो आकडा आपण मिरवतो त्यात दुसऱ्यांची गैरहजेरीही मिसळलेली आहे, एवढंच.

आता त्या मेलबर्नच्या एका विजयाकडे जरा थांबून बघू, कारण तो आपल्या शेजारचा आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल एकट्यानं मारले ते नेव्हिल डिसोझा यांनी. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. काही मिनिटं भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात १-० नं पुढे होता, हे वाक्य आज उच्चारतानाही गंमत वाटते. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल मारणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. हे डिसोझा मूळचे आसगावचे. म्हापशाच्या बाजारात जाणाऱ्या इथल्या माणसाला आसगाव कुठं ते सांगायला नको. आता तिथं मोठमोठे व्हिला आणि कॅफे झालेत.

आणखी एक. इथून बांदा, पत्रादेवी करत म्हापशाला निघालात की कोलवाळचा पूल लागतो. त्या कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको. लहानपणीच मुंबईला गेले, टाटाच्या संघातून खेळले, १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या चमूत होते आणि १९६२ ला जकार्तातल्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाच्या मधल्या फळीत. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा कोविडच्या धुमाळीत बातमी आली आणि विरून गेली.

दोघेही मुंबईकडून खेळले, यात नवल नाही. आपले चाकरमानी जसे गिरणीत आणि गोदीत गेले तसे गोंयकारही गेले, धोबीतलावच्या कुडांत राहिले. कूड म्हणजे त्या त्या गावच्या लोकांनी मुंबईत केलेली उतरायची जागा. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वे अशा कंपन्यांचे संघ होते, कूपरेजचं मैदान होतं, १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक होता. पायात खेळ असेल तर नोकरी मिळायची.

पण खेळाडू नुसते असून भागत नाही, त्यांना बांधणारा लागतो. तो होता हैदराबादचा एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम. १९५० ते १९६३ भारतीय संघ त्यांच्या हाती होता. त्यांच्याच हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक नेला. रहीमसाहेब पोरांसाठी अशा स्पर्धा घ्यायचे की ज्यात चेंडू पायाशी खेळवत न्यायला मनाई. आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. कधी नियम असा की फक्त कच्च्या पायानं मारायचं. हंगेरीचा खेळ अभ्यासून त्यांनी सेंटर फॉरवर्डला मागे ओढलं. हे सगळं मास्तरकीच्या पगारात!

त्यांचं मोठं काम म्हणजे जकार्ता. १९६२ च्या आशियाई खेळांत यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांच्या संस्थापकांतले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. झालं, जकार्तात भारताविरुद्ध आग पेटली. आपल्या दूतावासावर जमाव चालून गेला. अशा वातावरणात ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियानं पहिल्या सामन्यात आपल्याला २-० नं हरवलेलं. प्रेक्षक लाखाच्या घरात आणि आपलं राष्ट्रगीत सुरू झालं तरी हुर्यो थांबेना.

संघाची अवस्था तर आणखी बिकट. जर्नेलसिंग हा आपला भरवशाचा बचावपटू, त्याचं डोकं थायलंडविरुद्ध फुटलेलं, टाके पडलेले. डोक्यानं चेंडू मारणं हेच ज्याचं काम, तो डोक्याला पट्टी बांधून बसलेला. रहीमनी काय केलं? त्याला बचावातून काढून थेट पुढे, आक्रमणात खेळवलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला. अंतिम सामन्यात १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल आणि २० व्या मिनिटाला पुन्हा जर्नेलसिंग. कोरियानं शेवटी एक फेडला, २-१. कप्तान चुनी गोस्वामी. त्या स्टेडियमात भारताच्या बाजूनं ओरडणारे मूठभर लोक होते, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता असं आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं आहे. रहीम तेव्हाच आजारी होते. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले.

त्याआधी १९५१ चं दिल्लीतलं सुवर्ण होतं, इराणविरुद्ध मेवालाल यांच्या एकमेव गोलावर. नंतर १९७० ला बँकॉकमध्ये जपानला हरवून कांस्य. ते आपलं आशियाई खेळांतलं शेवटचं पदक. ऑलिम्पिकमध्ये तर १९६० नंतर आपण दिसलोच नाही.

आता खर्चाची बाजू. १९५० नंतर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत पहिला सामना कधी खेळला असेल? १९८५ ला. मधली पस्तीस वर्षं एकही नाही! १९५४ ला अर्ज उशिरा पोचला म्हणून फेटाळला गेला. पुढे बहुतेक वेळा आपण अर्जच केला नाही, आणि एकदा केला तोही मागे घेतला. आशिया चषकात १९७२, १९७६, १९८० सलग तीनदा आपण नावच दिलं नाही. लक्षात घ्या, हा तोच काळ आहे जेव्हा इराण, कोरिया, कुवेत, सौदी उभे राहत होते. ते हरत होते, शिकत होते, पुन्हा हरत होते. आपण कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालवरून रात्र जागवत होतो. देशातले सामनेही बराच काळ सत्तर मिनिटांचे. परदेशात शेवटच्या वीस मिनिटांत पाय का भरून येतात, याचं कोडं सोडवायला फार विद्वान लागत नाही.

आणि १९८५ ला उतरलो तेव्हा काय झालं? काही लाज गेली नाही. बांगलादेशला दोन्ही सामन्यांत हरवून आपण गटात इंडोनेशियामागे दुसरे आलो. त्याच्या आदल्याच वर्षी सिंगापूरच्या आशिया चषकाला रीतसर पात्र ठरून गेलो होतो. तिथं गोल एकही झाला नाही, पण इराणला ०-० रोखलं. या काळातले गोलरक्षक आणि कप्तान ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे. पुन्हा शेजारचेच. जे पंधरा वर्षं आधी करता आलं असतं ते उशिरा केलं, असं माझं मत.

दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेविषयी लांबण लावत नाही. २०२३ पर्यंत आपण ती नऊ वेळा जिंकली, १९९९ ची तर मडगावात फातोर्ड्यावर. घरच्या अंगणातली मानकरी भूमिका आहे ती. फिफा क्रमवारीत सर्वोत्तम ९४ वं स्थान फेब्रुवारी १९९६ मध्ये, आणि नीचांक १७३, मार्च २०१५ मध्ये.

आपला गोल मारणारा कप्तान सुनील छेत्री, त्याच्याविषयी बोललो नाही तर पोरं मला बाहेर जाऊ देणार नाहीत. २००८ च्या एएफसी, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्याची हॅटट्रिक झाली, ४-१. त्यामुळे २०११ ला, तब्बल सत्तावीस वर्षांनी, आपण आशिया चषकात. तिथं तिन्ही सामने हरलो. २०१९ ला थायलंडला ४-१ नं हरवलं, पुढचे दोन हरलो. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये तीन सामने, गोल शून्य. जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा नावावर ९४ गोल होते. वर्षाच्या आत त्याला परत बोलवावं लागलं, हे त्याचं कौतुक समजा. पण त्याच्यामागे कोणी तयार नव्हतं हेही त्यातून कळतं.

दोहाचं रडगाणं तुम्हाला ठाऊक आहे. जून २०२४, विश्वचषक पात्रतेचा सामना, कतारविरुद्ध छांगटेच्या गोलानं आपण १-० नं पुढे. चेंडू सरळ सरळ रेषेबाहेर गेला, आपला गोलरक्षक गुरप्रीत खाली पडलेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला, दुसऱ्यानं गोल केला आणि पंचांनी तो दिला. व्हिडिओ पंच नव्हतेच. अन्याय झालाच. पण त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून घरच्या मैदानावर २-१ हरलो होतो, त्याला कुठला पंच जबाबदार?

न खेळण्याची खोड अजून गेलेली नाही. २०१८ च्या आशियाई खेळांना फुटबॉल संघ पाठवलाच नाही, आशियात पहिल्या आठांत नाही म्हणून. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांसाठी आधी हाच नियम, मग शेवटच्या घटकेला परवानगी. संघ उतरला आणि दुसऱ्याच दिवशी चीनशी सामना, ५-१. ज्यांची झोप पुरी झाली नाही त्यांना आपण वर विचारतो, धावत का नव्हता?

ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर सिंगापूरशी सामना झाला. छांगटेनं आघाडी मिळवून दिली, सिंगापूरनं दोन गोल मारले, आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. त्याच वर्षी करारावाचून आयएसएलचा, म्हणजे देशातल्या क्लबांच्या मुख्य लीगचा, हंगाम अडकून पडला होता. म्हणजे पुन्हा तेच, सामने नाहीत.

एक राहिलं. त्याच २०२५ च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून २०२६ च्या महिला आशिया चषकात जागा मिळवली. पुढे चाल नाही, कोणाची माघार नाही, पात्रता फेरी खेळून. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान हवं, संयोजकांनी मनावर घ्यावं.

आता प्रश्न विचारा. बागान थोर की ईस्ट बंगाल, हा सोडून काहीही.