चारच्या चहाचा डबा

श्रोते हो, नमस्कार.

आज सकाळी गोकुळपेठच्या बाजारात हरभऱ्याचा पाला आला होता. कोवळा, दवाने ओला, हातात घेतला की बोटांना आंब लागते तसा. पावभर घेतला, घरी आणून निवडला, धुतला आणि फडक्यावर पसरून इकडे आले. परत गेले की बारीक चिरायचा, त्यात कांदा, मीठ, तिखट, शेंगदाण्याचा कूट घालायचा आणि वरून कच्चं जवसाचं तेल. गॅस पेटवायचा नाही. ज्वारीच्या भाकरीसोबत हा घोळाणा खात आपल्या विदर्भातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. मेथीचा करा, कांद्याच्या पातीचा करा, करडईच्या कोवळ्या पानांचा करा. वावरात काम करणारी बाई बांधावर बसून हेच खायची.

हे आधी सांगते, कारण कच्चा आहार म्हटलं की हल्ली लोकांना वाटतं, हे परदेशातून आलेलं खूळ आहे, महागड्या भाज्यांचं आणि काचेच्या बरणीतल्या हिरव्या रसाचं. आपल्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर होती, मुळा होता, हाताने फोडलेला कांदा होता. ती डावी बाजू हळूहळू रिकामी झाली आणि तिथे पाकीट आलं. आज मला त्या पाकिटाबद्दल बोलायचं आहे.

मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अन्नघटकांचा धडा दरवर्षी शिकवला. चौपन्नाव्या वर्षी माझं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी विचारलं, खारट काय खाता? मी म्हटलं, काही नाही, मी तर पानात वरून मीठही घेत नाही. ते म्हणाले, आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा. लिहिलं. सकाळच्या चहाबरोबर टोस्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बिस्किटं. चार वाजता घरी आल्यावर पाकिटातला चिवडा, नाहीतर शेव. रात्री पेपर तपासायचे असले की दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया. रविवारी पुडीतलं सूप. मीठ मी घेतच नव्हते, मीठ मला मिळत होतं.

वही वाचून मला रडू आलं. मुलांना फळ्यावर शिकवलेलं माझ्या स्वयंपाकघरात कुठेच नव्हतं. आईचं एक वाक्य आठवलं. ती उमरेडकडून आमच्याकडे आली की डबे उघडून बघायची आणि म्हणायची, "पोरायले हे पाकिटातलं काहून देतं वं?" तेव्हा मला त्याचा राग यायचा. नोकरी करणाऱ्या बाईला वेळ कुठे आहे, असं मी तिला ऐकवायची. वेळ नव्हता हे खरंच होतं, पण तिचा प्रश्नही खरा होता.

आता थोडं विज्ञान सांगते. प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट नसतं. दही ही प्रक्रियाच आहे. पोहे, मुरमुरे, डाळ, गूळ, फुटाणे, सगळ्यांवर प्रक्रिया झालेली असते. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 च्या सुमारास अन्नाची वेगळी विभागणी मांडली. प्रथिनं किती, स्निग्ध किती, हे न बघता त्या पदार्थावर कारखान्यात काय काय केलं गेलं, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या चार गटांपैकी शेवटचा गट अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा. ओळखायची सोपी खूण अशी, की घटकांची यादी वाचायची आणि त्यातलं किती आपल्या फडताळात सापडेल ते बघायचं. मीठ, तिखट, बेसन सापडेल. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, चव वाढवणारा 621 क्रमांकाचा पदार्थ कुणाच्या फडताळात असतो?

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस माणसांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. दोन्ही वेळेस पुढे ठेवलेल्या ताटातली साखर, मीठ, स्निग्ध, तंतू, उष्मांक सारखेच राहतील अशी काळजी घेतली आणि सांगितलं, हवं तेवढं खा. पाकिटातल्या अन्नावर असताना ती माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास किलोभर वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ती लोभी नव्हती हो. ते अन्न मऊ असतं, चावावं लागत नाही, घास पटापट उतरतात आणि पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत पाकीट संपतं. म्हणून कुणी म्हणालं की माझा जिभेवर ताबा नाही, तर मी त्याला सांगते, स्वतःला दोष देऊ नका. ते पाकीट संपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं.

पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल, तर पुढचं बदाम-केशराचं चित्र विसरायचं. सोडियमचा आकडा दिसला की त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि तो आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वेळच्या वाढणीचा, हे नक्की बघा, तिथे हमखास चूक होते.

सवय कशी मोडली, हे मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मला ते दोन वर्षं जमलं नव्हतं. उद्यापासून बंद, असं मी कितीदा तरी ठरवलं. चार वाजले की हात आपोआप त्या डब्याकडे जायचा. मग एक दिवस लक्षात आलं, की हाताला डब्याची सवय आहे, आत काय आहे याची नाही. मी तोच स्टीलचा डबा, त्याच जागेवर, त्याच झाकणाचा ठेवला आणि आतलं बदललं. सकाळी कुकर होईपर्यंत गाजराच्या, मुळ्याच्या, काकडीच्या फोडी करायच्या. भिजवलेले शेंगदाणे. पेरू. थंडीत बोरं आणि आवळ्याच्या फोडी. फुटाणे नेहमीच. भूक लागलेली असताना कुणी मुळा सोलायला बसत नाही, म्हणून तो भुकेच्या आधी सोलून ठेवायचा. एवढंच केलं.

पहिले पंधरा दिवस काहीच चवीला लागेना. गाजर म्हणजे लाकूड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा गाजर गोड लागलं, आणि मी थांबून पुन्हा एक फोड खाल्ली. मीठ-साखरेच्या माऱ्याने बधिर झालेली जीभ काही आठवड्यांत पुन्हा जागी होते. पुढे दिवाळीत कुणाकडे तरी पाकिटातली शेव खाल्ली तर ती खारट वाटून अर्धी तशीच ठेवली. तेव्हा कळलं की आता परत जाणं नाही. ब्लड प्रेशरची गोळी अजून सुरू आहे, मात्र तिचा डोस कमी झाला, तोही डॉक्टरांनी केला, मी नव्हे.

संत्र्याबद्दल बोलल्याशिवाय नागपूरच्या माणसाला पुढे जाता येत नाही. आंबिया बहाराची संत्री आत्ता बाजारात आहेत, फेब्रुवारीपासून मृग बहाराची येतील. काटोल-नरखेडचा माल इथल्या कळमना बाजारात उतरतो. अशा गावात राहून आपण मुलांना डब्यातला संत्र्याचा रस विकत आणून देतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आणि घरीसुद्धा रस काढू नका. एका ग्लासला तीन-चार संत्री लागतात, त्यांची साखर एका दमात पोटात जाते आणि चोथा फेकला जातो. संत्र सोलून, फोड चावून खा. सोलण्यात वेळ जातो, तो जाऊ द्या.

आता दुसरी बाजू सांगते, आणि ती तेवढ्याच काळजीने ऐका. डबा जमल्यावर मला हुरूप आला आणि मी पूर्ण कच्च्या आहाराचा नेम धरला. पोळी नाही, वरण नाही, दूधही नाही. पहिला महिना अंग हलकं वाटलं. दुसऱ्या महिन्यात जिना चढताना दम लागायला लागला, केस गळायला लागले, आणि मे महिन्यात मोडाच्या मटकीने असं पोट बिघडलं की सलाइन लावावं लागलं. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या हवेत ओलसर, उबदार कडधान्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. तपासणीत बी-12 खूप कमी निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आणि मी दूध-दही सोडून बसले होते.

गांधीजींनीही हा प्रयोग करून पाहिला होता. 1929 मध्ये साबरमतीला त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा नेम धरला, सोबत आश्रमातल्या काहींना घेतलं, आणि प्रकृती ढासळली तेव्हा तो सोडला. सोडला हेही त्यांनी लोकांना लिहून कळवलं. पुढे 1942 मध्ये आगाखान पॅलेसात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर लिहिलं, त्यात दूध आहे, धान्य आहे, शिजवलेली भाजी आहे आणि त्यांच्या जोडीला थोडी कच्ची भाजी. इतक्या हट्टी माणसाने मागे यायची लाज धरली नाही, हे वाचून मला त्या वेळी धीर आला. मी चूल पुन्हा पेटवली. माझं भांडण पाकिटाशी होतं, चुलीशी नव्हतंच.

चुलीची गरज कुठे आहे, ते सांगते. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधीही पोटात जाऊ देऊ नका, त्यातल्या घटकाने जबर उलट्या होतात, तो भिजवून खळखळ उकळायलाच हवा. आपल्याकडच्या लाखोळीला, म्हणजे लाखेच्या डाळीच्या दाण्यांना, मोड आणून सॅलडमध्ये घालायचा विचारही नको. लाखोळी रोजच्या जेवणात बराच काळ राहिली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, आणि हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. टोमॅटोचा लाल रंग ज्या घटकाचा, तो शिजवल्यावर आणि तेल लागल्यावर अंगी जास्त लागतो. मुतखड्याचा त्रास असेल तर कच्च्या पालकाचे ग्लासच्या ग्लास पिऊ नका. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखरेसाठी इन्सुलिन घेत असाल तरी तेच. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना मोड वाफवूनच द्या. आणि शिंगाडा दातांनी सोलू नका. तळ्यातल्या पाण्यातले जंत त्याच्या सालीला चिकटून येतात, तो उकडलेलाच बरा.

धुण्याबद्दल. पालेभाजी नळाखाली नुसती धरून स्वच्छ होत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायचं, पाला त्यात बुडवून हलवायचा आणि पाला वर उचलून घ्यायचा, पातेलं ओतायचं नाही, नाहीतर खाली बसलेली माती परत पानांवर येते. असं तीनदा, तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत. पत्ताकोबीची वरची पानं काढून टाकायची. भाजीवालीला विचारा, कुठून आणली? नाल्याकाठची असेल तर ती फोडणीत जाऊ द्या, घोळाण्यात नको. त्या बायका खरं सांगतात. रोज जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तर नक्कीच.

सकाळी तर्री-पोहे खाऊ की नको, असं मला बरेचजण विचारतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी खा. ते समोर शिजतात, काय पडतं ते दिसतं. तेल जास्त असतं, तर्री कमी घाला, कांदा आणि लिंबू जास्त मागून घ्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. घरी एकदा तराजूवर ठेवून बघा, 400 ग्रॅम म्हणजे केवढा ढीग होतो ते. आमच्या घरी त्यातला तिसरा हिस्सा कच्चा असतो, बाकीचा शिजलेला. जेवणाला बसलं की आधी कच्चं, मग भाकरी-भाजी. हा क्रम मी ताटात पाळते आणि बाकी फार हिशेब करत नाही.

हरभऱ्याचा पाला एव्हाना फडक्यावर सुकला असेल. तो आधी कालवून ठेवला की पाणी सुटतं, म्हणून जेवायला बसतानाच मीठ लावायचं. जवसाचं तेल नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल चालतं. दोन वाजता नातू शाळेतून येईल. त्याला तिखट सोसत नाही, तेव्हा त्याचा वाटा तिखट घालायच्या आधी बाजूला काढायचा आहे. निघते मी. नमस्कार.