दाबपट्टीखालचे काही सेकंद

उमरेडहून सकाळच्या एसटीने नागपुरात आलेल्या एक काकू मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या कक्षाबाहेर, जुन्या फिल्मांचे पाकीट मांडीवर घेऊन बसल्या आहेत. आत गेल्यावर त्या किरणांविषयी काही विचारत नाहीत. त्या विचारतात, "ताई, थोडं कमी दाबलं तर चालणार नाही का?"

मात्र काकूंना ज्याची भीती वाटते, तो दाबच त्यांना मिळणारी किरणांची मात्रा कमी ठेवतो. मॅमोग्राफीसाठी साधारण 25 ते 32 किलोव्होल्टवर मुद्दाम मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण तयार केले जातात, कारण चरबी, ग्रंथी आणि गाठ यांच्यातील बारीक फरक त्यांच्यामुळेच स्पष्ट उमटतो. परंतु असे किरण ऊतींमध्ये लवकर शोषले जातात, आणि म्हणून स्तनाची जाडी वाढली की मात्राही झपाट्याने वाढते. स्तन दाबणारी पारदर्शक पट्टी ती जाडी कमी करते, किरणांचे विखुरणे घटवते आणि स्तन स्थिर धरते. हललेली प्रतिमा पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी लागते. काखेत पावडर लावली आहे का, हे टेक्निशियन ताई विचारतात तेही याचसाठी, कारण तिचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

दोन्ही बाजूंच्या मिळून चार प्रतिमांची परिणामी मात्रा, म्हणजे संपूर्ण शरीराच्या हिशेबाने धरलेली मात्रा, सुमारे 0.4 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) भरते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. त्या हिशेबाने ही जेमतेम दोन महिन्यांची मात्रा झाली. तरीही हयगय चालणार नाही, कारण स्तनाच्या ऊती किरणांना संवेदनशील आहेत, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने 2007 मध्ये त्यांचा भारांक, म्हणजे शरीराच्या एकूण धोक्यात धरला जाणारा त्यांचा वाटा, 0.05 वरून 0.12 केला. आपल्याकडे यंत्र चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि यंत्राची गुणवत्ता चाचणी ठरावीक काळाने करावी लागते. ती शेवटची कधी झाली, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. तो रुग्णाचा हक्कच आहे, असे आम्हाला वाटते.

"काकू, श्वास रोखा." यंत्राचा बारीक आवाज होतो आणि पट्टी आपोआप वर सरकते. चारही प्रतिमा जुन्या फिल्मांशेजारी ठेवून नीट पाहून झाल्यावरच ताई म्हणतात, "आता पदर घ्या."