जेम्स रूसचे दीड एकर

नमस्कार श्रोतेहो. ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेला इंग्रज कैदी म्हटलं की पायातली बेडी आणि पाठीवरचा चाबूक आठवतो. चाबूक होताच. पण वसाहतीची पहिली चार वर्षं कैद्याच्या डोक्यात सगळ्यांत जास्त घोळत असे ते पीठ. म्हणून आज आपण जेम्स रूस नावाच्या कैद्याच्या शेतावर जाऊ.

कॉर्नवॉलमधल्या या तरुणाला १७८२ साली बॉडमिनच्या न्यायालयानं घरफोडीबद्दल फाशी सुनावली. पुढं ती सात वर्षांच्या हद्दपारीवर आली. पण पूर्वी जिथं कैदी पाठवत, त्या अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्या होत्या, मग धाडायचं कुठं? तोवर त्याला प्लिमथला ‘डंकर्क’ नावाच्या कैद्यांच्या जहाजात डांबून ठेवलं. अखेर मे १७८७ मध्ये अकरा जहाजांचा ताफा निघाला. त्यातल्या ‘स्कारबरो’वरून रूस जानेवारी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरला, तेव्हा निम्म्याहून जास्त सजा भोगून झाली होती.

सिडनीत बरंचसं बियाणं उगवलंच नाही. प्रवासात ते उष्णतेनं खराब झालं होतं, वर किडे लागलेले. नांगर ओढायला जनावरं नव्हती. आणलेल्या मोजक्या गायी १७८८ मध्येच रानात निघून गेल्या. सुरुवातीला माणशी आठवड्याला सात पौंड पीठ मिळे. एप्रिल १७९० मध्ये ते अडीच पौंडांवर आलं, म्हणजे दिवसाला जेमतेम १६० ग्रॅम. जोडीला दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस. एवढ्यावर कुदळ काय चालणार? कामाचे तास कमी करावे लागले.

१७८९ मध्ये रूस म्हणाला, माझी मुदत संपली. कैद्यांच्या शिक्षेची कागदपत्रं ताफ्याबरोबर आलीच नव्हती, त्यामुळं गव्हर्नर फिलिपकडे पडताळायला काही नव्हतं. तरी त्यानं रूसला सिडनीच्या पश्चिमेला परामाटाजवळ जमीन दिली. जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, बुरामाटागल लोकांची. त्यांना कुणी विचारलं नाही. फिलिपला बघायचं होतं की एका कुटुंबाला सरकारी शिध्याशिवाय जगायला किती काळ लागतो. दीड एकर साफ करून दिलं, झोपडी, अवजारं, बियाणं, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या.

रूसची पद्धत टेंच या नौसैनिक अधिकाऱ्यानं १७९० मध्ये त्याच्याच तोंडून टिपून ठेवली. पडलेली झाडं जाळायची, राख जमिनीत मिसळायची, मग कुदळीनं खणायचं. दिवसाला आठ-नऊ चौरस रॉडच, आपल्या हिशेबानं दोन ते सव्वादोन गुंठे. म्हणजे दीड एकर एकदा खणायलाच जवळपास महिना. नंतर ढेकळं फोडायची, गवत-तण जमिनीतच गाडायचं, रान उन्हावाऱ्याला शक्य तितकं उघडं ठेवायचं आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा एकदा उलटवायचं. सरकारी शेतावर नुसतं वरवर खरवडतात, असा त्याचा टोमणा होता. बरोबरच होता; तिथं राबणाऱ्या कैद्याला पीक येवो न येवो, शिधा तेवढाच.

गव्हानंतर सलगम घेऊन जमीन भुसभुशीत करायची आणि पेंढा खड्ड्यात कुजवायचा, असाही बेत होता. स्वतःच्या जमिनीला तो मध्यम म्हणे. खत मिळालं तर तारून नेईन, पण जनावरांशिवाय ती थकेल, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. आणखी एक दुखणं चोरीचं. जवळजवळ रोज रात्री कैदी येऊन पीक लुटत. एकेकाळी घरफोडीत सापडलेला हा गडी आता रात्री राखणीला जागत होता! मदतीला फक्त बायको, एलिझाबेथ पेरी. तीही कैदीच, ‘लेडी जुलियाना’ जहाजानं आलेली.

फेब्रुवारी १७९१ मध्ये त्यानं कळवलं, आता माझं मी भागवतो. त्याला तीस एकर मालकीनं मिळाले. वसाहतीतली अशी ती पहिलीच देणगी. बाकी सगळ्यांचं पोट अजून सरकारी गोदामावरच होतं. १७९२ मध्ये ‘अटलांटिक’ जहाज कलकत्त्याहून तांदूळ, सूजी आणि डाळ घेऊन आलं.

पण मालकी टिकली नाही. १७९३ मध्ये रूसनं ते शेत जॉन हॅरिस या सर्जनला चाळीस पौंडांना विकलं आणि पुढच्याच वर्षी हॉक्सबरी नदीकाठी नवी जमीन घेतली. तिथला गाळ खताशिवायही भरपूर पिके, पण नदीला महापूर येत आणि उभं पीक वाहून जाई. १८२८ च्या जनगणनेत रूस लोअर मिंटोला दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादम म्हणून काम करताना दिसतो.