बार्बराचं खोटं

मंडळी, ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची कालप्रवासावरची विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्याच वर्षातल्या एका कथेबद्दल मला आज बोलायचं आहे. कथेचं नाव ‘द अ‍ॅझटेक्स’. लेखक जॉन ल्यूकारोटी, दिग्दर्शक जॉन क्रॉकेट. साधारण पंचवीस मिनिटांचे चार भाग, १९६४च्या मे-जूनमध्ये दर शनिवारी एक असे दाखवलेले. याच लेखकाची आधीची मार्को पोलोवरची कथा होती सात भागांची. तिच्या चित्रफिती बीबीसीने पुसल्या, आज तिचा आवाज आणि काही छायाचित्रंच उरली आहेत. ‘द अ‍ॅझटेक्स’ मात्र अख्खी शिल्लक आहे.

या कथेत परग्रह नाही, यंत्रमानव नाही. कालयान मेक्सिकोतल्या अ‍ॅझटेक लोकांच्या एका थडग्यात उतरतं. थडग्याचं दार फक्त आतून उघडतं, त्यामुळे प्रवासी बाहेर पडतात आणि यान आत अडकतं. त्यांच्यातली बार्बरा ही लंडनच्या शाळेतली इतिहासाची शिक्षिका. थडग्यातलं एक कंकण तिने हातात घातलेलं असतं. ते पाहून तिथले लोक तिला त्यांच्या दिवंगत महापुरोहिताचा, येटाक्साचा, अवतार मानतात. एका साध्या शिक्षिकेच्या हाती अचानक देवीचा शब्द येतो.

बार्बराला पुढे काय घडणार ते माहीत आहे. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५१९मध्ये येणार, १५२१मध्ये राजधानी तेनोच्तित्लान पडणार. तिला वाटतं, नरबळीची प्रथा आत्ताच थांबवली, तर या संस्कृतीत जे चांगलं आहे ते तरी टिकेल. प्रवाशांचा म्होरक्या, म्हणजे मालिकेचा नायक डॉक्टर, तिला बजावतो, “इतिहास बदलता येत नाही! एक ओळसुद्धा नाही!” डॉक्टरच्या भूमिकेतला विल्यम हार्टनेल हे वाक्य रागाने म्हणतो, पण त्या रागात कळवळाही आहे. या माणसाने पूर्वी कधीतरी स्वतः हा प्रयत्न करून पाहिला असावा, असं वाटून जातं.

पहिल्या भागातला बळीचा प्रसंग नीट पाहा. पावसासाठी एक माणूस बळी जाणार आहे. ऐन क्षणी बार्बरा थांबवते. आता तो माणूस तिचे पाय धरेल, अशी आपली अपेक्षा असते. तो संतापतो. तिने त्याचा मान हिरावून घेतला आहे! आणि तो स्वतःच मंदिरावरून खाली उडी घेतो. लगेच पाऊस येतो. बळीचा पुरोहित त्लोटॉक्सल म्हणतो, बघा, मृत्यू आला आणि पाऊस आला. बार्बराने वाचवायला घेतलेला माणूस तर गेलाच, वर तिच्या विरोधकाला पुरावाही मिळाला. शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी लागणाऱ्या कार्यक्रमात एवढं कठोर नाट्य लिहिलं गेलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

भागाच्या शेवटी त्लोटॉक्सल थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि आपल्याला सांगतो, ही खोटी देवी आहे, मी हिचा नाश करीन. आपल्या नाटकांतल्या स्वगतासारखंच हे. जॉन रिंगहॅमने ही भूमिका थोडी भडक रंगवली आहे. वाकून चालणं, ओठ मुडपणं. पण तो जे म्हणतो ते शब्दशः खरं आहे, हे विसरू नका. बार्बरा देवी नाहीच. या कथेत खलनायक खरं बोलतो आणि नायिका खोटं. तिसऱ्या भागात तर ती त्याच्याजवळ कबूलच करते, की मी येटाक्सा नाही. पण तू हे सांगितलंस तर कोण विश्वास ठेवणार? बार्बरा झालेल्या जॅकलिन हिलचा चेहरा तिथे पाहण्यासारखा आहे. सत्ता आता तिला वापरता येऊ लागली आहे.

या खोट्याची किंमत मोजतो ऑटलॉक, ज्ञानाचा पुरोहित. तो सज्जन आहे, मुळातच बळींबद्दल साशंक आहे, आणि बार्बराच्या शब्दावर तो आपलं सगळं पणाला लावतो. शेवटी श्रद्धा, पद, घर सोडून तो रानात निघून जातो. ग्रहणाच्या दिवशी ठरलेला बळी त्लोटॉक्सल देतोच.

कथेत उणिवा आहेत, त्याही सांगतो. सगळे अ‍ॅझटेक गोरे नट आहेत. ऑटलॉक शहाणा ठरतो तो आपल्यासारखा विचार करतो म्हणून. बळीवर श्रद्धा असलेला, तरीही मनाने मोठा असा पुरोहित लेखकाने उभा करायला हवा होता. आणि बार्बराचं गणितच कच्चं आहे. स्पॅनिश लोक नरबळी थांबवायला आले नव्हते, सोनं आणि राज्य मिळवायला आले होते. त्लाश्कालासारखी शत्रुराज्यं त्यांना मिळाली, आणि १५२०मध्ये देवी या रोगाच्या साथीने राजधानी पोखरली. प्रथा बंद झाली असती म्हणून साथ थोडीच टळली असती? डॉक्टरने हा मुद्दा मांडला असता तर वाद कितीतरी खोल गेला असता.

हाणामारीचे प्रसंग मी सोडून देतो, ते आज फार जुने वाटतात. पण डॉक्टर आणि कामेका ही अ‍ॅझटेक स्त्री यांचं प्रकरण चुकवू नका. डॉक्टर तिला कोको करून देतो आणि त्या प्रथेप्रमाणे त्याचं लग्न ठरून बसतं. तो जाणार हे कळल्यावरही ती त्याला मदतच करते.

शेवटी बार्बरा विचारते, काही बदलताच येत नसेल तर काळातून फिरायचं कशाला? ज्याच्याबद्दल मनात आदर होता त्या एकाच माणसाला मी फसवलं. डॉक्टर म्हणतो, एक संस्कृती तुला वाचवता आली नाही, पण एका माणसाला तू मदत केलीस. त्याला अधिक चांगली श्रद्धा सापडली. मला हे पटत नाही. ऑटलॉकला काय सापडलं ते कथेत कुठेच दिसत नाही, दिसतं ते फक्त त्याने काय गमावलं ते. बार्बराचं ‘फसवलं’ हेच मला खरं वाटतं, आणि डॉक्टरच्या सांत्वनानंतरही जॅकलिन हिल ते चेहऱ्यावरून पुसू देत नाही.