कैरोतलं बैलघोडा हॉस्पिटल

श्रोतेहो, नमस्कार.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल मुंबईकरांना सांगायला नको. 1883 पासून ते मुक्या जनावरांची सेवा करतं. त्याच्या जातकुळीतला एक दवाखाना इजिप्तमध्ये, कैरोत आहे. आज त्याच्याविषयी बोलू.

पहिलं महायुद्ध संपलं आणि ब्रिटिश फौजेने आपले हजारो घोडे मायदेशी न नेता तिथेच विकून टाकले. 1930 मध्ये डोरोथी ब्रूक या सेनाधिकाऱ्याच्या पत्नी कैरोला आल्या. त्यांतले उरलेसुरले म्हातारे घोडे तेव्हाही ओझी ओढत होते. हाडं वर आलेली, पुठ्ठ्यावर फौजेचा बाणाचा डाग. बाईंनी 1931 मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिलं आणि वाचकांनी भरभरून पैसे पाठवले. तीन वर्षांत 5,000 घोडे विकत घेतले गेले. बहुतेक इतके थकलेले, की त्यांना शांतपणे मरण देण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

पण विकत घेऊन किती घेणार? शिवाय घोडा गेला की मालकाची चूल विझते. म्हणून 1934 मध्ये बाईंनी कैरोत दवाखाना काढला, कष्टाच्या घोड्या-गाढवांवर मोफत उपचार करणारा. मला त्यांचं मोठेपण पत्रापेक्षा इथे जास्त दिसतं.

आज 'ब्रूक' ही संस्था आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत काम करते, आपल्या देशातही. तिच्या कामात औषधापेक्षा समजावणं जास्त. तापून आलेल्या जनावराला पाणी दिलं तर पोटात कळ येते, असं कित्येक मालक मानतात आणि वीटभट्टीवर भर उन्हात गाढव तहानलेलं ठेवतात. श्वास मोकळा व्हावा म्हणून नाकपुड्या चिरतात, लंगडलं तर तापल्या लोखंडाचा डाग देतात. हे दुष्टपणाने होत नाही हो, वाडवडिलांनी सांगितलेलं असतं. अशा मालकाला चार शब्द सुनावून काही होत नाही. त्याच्या भट्टीवर जाऊन बसावं लागतं, गावातल्या नालबंदाला नीट नाल मारायला शिकवावं लागतं.

आपल्याकडे 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या. घोड्यांच्या दृष्टीने योग्यच झालं. गाडीवाल्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र बरीच वर्षं रेंगाळला.

घोडा तुम्हाला अजून भेटतो तो माथेरानला. पुढच्या वेळी बसण्याआधी मालकाला म्हणा, "दादा, खोगीर जरा उचलून दाखवता का?" पाठ सोललेली दिसली तर चालत जा, आणि का चालत निघालात तेही त्यांना सांगा.

नमस्कार.