टोक सुतात आहे का?

टेबलावर बारा बाण. एकाच डब्यातले, एकाच लांबीचे. चाकांच्या स्टँडवर आडवा फिरतोय तो चौथा. त्याच्या टोकाकडे बघा. दांडा शांत आहे, पण ब्रॉडहेडचं, म्हणजे शिकारीच्या पातीदार फाळाचं, अणकुचीदार टोक जागेवर थांबत नाही, त्याचं बारीक धुरकट वर्तुळ दिसतंय. हा बाण शिकारीला जाणार नाही.

सरावाचं टोक गुळगुळीत असतं, थोडं तिरकं बसलं तरी चालून जातं. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती मात्र धनुष्यातून सुटल्या क्षणापासून उघडी असतात. म्हणजे बाणाच्या नाकावर लावलेले पंखच. मागची पिसं बाणाला सरळ ठेवू पाहतात, पुढची पाती त्याला आपल्याकडे ओढतात. टोक सुतात नसेल तर पिसांचं काही चालत नाही. बाण भरकटला की दोष नेम धरणाऱ्याला लागतो, पण कित्येकदा चूक या टेबलावर झालेली असते.

म्हणून सुरुवात टोकापासून नाही, दांड्याच्या कापलेल्या तोंडापासून. कार्बनची नळी वेगानं फिरणाऱ्या चकतीनंच कापायची, करवतीनं तंतू फाटतात. तोंडावर मास्क आहे, कारण ही काळी धूळ छातीत जाता कामा नये. आता कापलेल्या कडेवर मार्करची शाई लावली आणि कड घासायच्या दगडावर दोनदा फिरवली. जवळून बघा: एका बाजूची शाई पुसली गेली, दुसऱ्या बाजूची तशीच राहिली. कड काटकोनात नाही. सगळी शाई जाईपर्यंत फिरवत राहायचं.

आतून हलके ओरखडे काढले. स्पिरिटचा पहिला बोळा काळा निघाला, दुसरा राखाडी, तिसरा पांढरा. मगच इपॉक्सी. इन्सर्ट, म्हणजे टोक ज्यात पिळून बसतं ती आट्यांची छोटी नळी, गोल फिरवत आत सरकवायचा, म्हणजे चिकट थर सगळीकडे सारखा बसतो. गरम करून लावायचा गोंद वापरणारेही आहेत. त्यांनी धातूचा इन्सर्ट तापवावा, दांड्याला ज्योत लावू नये. उष्णतेनं कार्बनमधलं रेझिन कमकुवत होतं आणि ते वरून दिसतही नाही.

रात्रभर बाण तसेच ठेवले. सकाळी पुन्हा शाई, या वेळी इन्सर्टच्या तोंडावर. ब्रॉडहेड टेकतं ते इथेच.

आता पाती. 100 ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. सरावाच्या टोकाएवढंच वजन. आटे इंचाला 32. शेवटचा पीळ पान्ह्यानं, बोटांनी कधीच नाही. पात्यांची रेघ पिसांच्या रेघेशी जुळवण्यात काही जण तासन् तास घालवतात. दिसायला छान दिसतं, पण तो वेळ चाकांवर घालवावा.

चौथ्याला दुसऱ्या बाणाचं ब्रॉडहेड लावून पाहिलं. वर्तुळ तसंच. दोष टोकात नाही, इन्सर्ट तिरका बसलाय. चौथा सरावाच्या गठ्ठ्यात.

तिरका गेलेला बाण जनावराला जखमी करून सोडतो, आणि ते जनावर बऱ्याचदा सापडतही नाही.

मैदानावर आधी साधी टोकं, मग ब्रॉडहेड. फोमवर बाणांचे दोन झुबके दिसतायत, ब्रॉडहेडचा झुबका थोडा डावीकडे. कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या, धनुष्याचं रेस्ट (बाण टेकतो तो आधार) केसभर उजवीकडे सरकवलं. पुन्हा तीन बाण. पुन्हा केसभर. तिसऱ्या खेपेला दोन्ही झुबके एकमेकांत मिसळले.

प्रत्येक बाण परत आल्यावर कानाजवळ धरून वाकवला जातोय. कर्रर्र असा आवाज आला तर तो बाण मोडून टाकायचा, कारण तडा गेलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.

बोथट झालेली पाती बदलली. भात्याच्या टोपणात, पाती फोममध्ये रुतवून, एकेक बाण बसतोय. अकरा.