लॅपटॉप कोणाच्या नावावर?

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक आणि पालकहो, प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप द्यावा की नाही यावर आपण पुष्कळ वाद घालतो. पण तो कोणाच्या नावावर असावा हे क्वचितच विचारले जाते, आणि माझ्या मते योजना तरते की बुडते ते बहुतांशी त्या एका नोंदीवर ठरते, म्हणून आजचा विषय मी मागून घेतला.

मी शिकवत होतो त्या शाळेत एका योजनेतून दहा लॅपटॉप आले. सरपंचांच्या हस्ते नारळ फुटला, मुलांनी रिकाम्या खोक्यांवरूनसुद्धा हात फिरवले, आणि त्याच दुपारी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होऊन सगळी यंत्रे लोखंडी कपाटात गेली. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. एखादा पडदा फुटला तर वसुली आपल्या पगारातून होईल, ही भीती त्यांना रात्री झोपू देत नसे. निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मंजूर होणे किती कठीण असते हे या सभागृहातल्या शिक्षकांना सांगायला नको. सादिलची, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारी, रक्कम वीजबिलालाच पुरत नसे, आणि पुढे जोडणी तोडली गेल्यावर यंत्रे चार्ज करणेही थांबले. सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येऊन विचारायची, “गुरुजी, आज कपाट उघडणार का?” सातवी पास होऊन ती दाखला घेऊन गेली, तेव्हाही किल्ली माझ्याच खिशात होती. ते मला अजून सलते.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातले प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे ठेवली, तेव्हा यंत्र मुलाच्या मालकीचे असावे आणि ते घरी जावे, हे त्यांचे पहिले तत्त्व होते. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेतील २२ मुलांच्या हाती ती हिरवी-पांढरी यंत्रे पडली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने अशी आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली; पण ३१९ शाळांच्या २०१२ मधल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. तिथेही बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि बिघाडाचा भुर्दंड आपल्यावर येईल या धास्तीने निम्म्याहून अधिक मुलांची यंत्रे घरी जातच नव्हती. उरुग्वेने २००७ मध्ये सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सर्व मुलांना आणि शिक्षकांना लॅपटॉप दिले. त्याबरोबर शाळांना इंटरनेटची जोडणी दिली आणि दुरुस्तीची व्यवस्थाही उभी केली. लॅपटॉपने गुण आपोआप वाढतात असे मी म्हणत नाही; पण कुलपात ठेवलेल्या यंत्राची परीक्षाच होत नाही.

म्हणून माझ्या दोनच मागण्या आहेत: लॅपटॉपची नोंद पहिल्या दिवसापासून मुलाच्या नावे व्हावी आणि शिक्षकावर वसुली लागू नये, तसेच खरेदीच्या रकमेतच तालुक्याला एक दुरुस्ती करणारा माणूस आणि शाळांच्या वीजबिलाची तरतूद असावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचे तसे निवेदन दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. ज्यांना पटले असेल त्यांनी जाताना सही करावी.